बादलीतलं पाणी

पत्र

ताई, मी २४ वर्षांची आहे. गाव आजरा तालुक्यात. शिकताना हॉस्टेलवर होते. मे महिन्यापासून कोल्हापुरात मंगळवार पेठेत एका जुन्या घराच्या माडीवर १० बाय १२ ची खोली घेऊन एकटी राहते. गोकुळ शिरगावला एका कंपनीत हिशेबाचं काम करते. खोलीला स्वतंत्र मोरी आहे, तिथला नळ ठिबकतो. रात्री बादली लावते, सकाळी ती अर्धी भरलेली असते, त्या पाण्यात भांडी घासते. पाऊस लागल्यापासून पलंगामागची भिंत ओली आहे, पोपडे पडतात, कोपऱ्यात काळे डाग आलेत. त्याच भिंतीवर स्विचबोर्ड आहे आणि पंख्याचं बटण दाबलं की चर्र असा आवाज येतो. खाली राहणाऱ्या मालकीणकाकू चांगल्या आहेत, पण 'पाऊस उघडू दे, मग बघू' म्हणतात. जुलैत एक प्लंबर येऊन पाच मिनिटांत ३०० रुपये घेऊन गेला. आठवड्यात नळ परत सुरू. तो असताना खोलीत मी एकटीच, फार अवघडल्यासारखं झालं. मग ठरवलं, आपणच शिकू. दुकानात वॉशर मागितला तर दुकानदार म्हणाला, "कुठला?" मला सांगता आलं नाही, तशीच परत आले. आई म्हणते, "भाड्याच्या खोलीवर कशाला पैसा घालवतीस? लग्न झाल्यावर सजव की काय सजवायचं ते." मला ही खोली नीट करायची आहे, छान करायची आहे. हा वेडेपणा आहे का? आणि सुरुवात कुठून करू?

उत्तर

तुझं पत्र वाचून झालं आणि डोळ्यांसमोर राहिली ती तुझी बादली. ठिबकणाऱ्या नळाखाली बादली लावून सकाळी त्या पाण्यात भांडी घासणारी मुलगी घर चालवायला केव्हाच शिकली आहे. हातात पाना यायचा तेवढा राहिलाय.

तुझा शेवटून दुसरा प्रश्न आधी घेते. वेडेपणा नाही, अजिबात नाही. कराराचे ११ महिने तू त्याच भिंतीकडं बघत झोपणार, त्याच मोरीत अंघोळ करणार, त्याच दिव्याखाली जेवणार. हे दिवस कुणी नंतर भरून देणार नाही. आईवर रागावू नकोस. तिच्या बोलण्यामागं पैशाची काळजी आहे आणि ती खरी आहे. तिच्याबद्दल शेवटी बोलू.

पण सगळ्यांत आधी एक काम. हे उत्तर वाचून बाजूला ठेवायच्या आधी खाली जा आणि काकूंना सांग, "ओल्या भिंतीवर स्विचबोर्ड आहे आणि त्यातनं चर्र आवाज येतोय." ही गोष्ट 'पाऊस उघडल्यावर बघू'मध्ये बसत नाही. ओली भिंत आणि वीज एकत्र आली की धक्का बसायला बटणालाच हात लागावा लागतो असं नाही, भिंतीतूनही करंट उतरू शकतो. चर्र आवाजाचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. आतली वायर सैल झाली आहे नाहीतर बटणाचे संपर्क जळत आले आहेत, आणि तिथं ठिणगी पडते आहे. वायरमन येईपर्यंत त्या बोर्डाला हात लावू नकोस. खोलीचा एमसीबी, म्हणजे मेनजवळचं आपोआप पडणारं बटण, वेगळा असेल तर तो पाडून ठेव, पलंग त्या भिंतीपासून ओढून घे, आणि दोन-तीन रात्री पंख्याविना काढाव्या लागल्या तरी काढ. वायरमन आला की त्याला दोन गोष्टी विचार: या घराला अर्थिंग आहे का, आणि मेनला आरसीसीबी बसवलाय का. वीज कुठं गळत असेल तर पुरवठा क्षणात तोडणारं ते यंत्र आहे. घरासाठी ३० मिलिअँपिअरचं बसवतात. जुन्या घरांत ते बहुतेक नसतंच. खर्च मालकांचा, पण जीव तुझा, म्हणून विचारायचं तू.

विजेच्या कामातलं तू काय शिकावंस? बल्ब बदलणं, एमसीबी का पडला ते ओळखणं, टेस्टर वापरणं. टेस्टर आधी चालू असलेल्या पॉइंटवर लावून बघायचा, तो स्वतः धड आहे ना याची खात्री करायची, मगच दुसरीकडं लावायचा. आणि बटण बंद आहे म्हणून वायर मेली असं कधी धरायचं नाही. जुन्या घरांत उलटी जोडणी पुष्कळदा सापडते, बटण बंद असलं तरी होल्डरपर्यंत करंट आलेला असतो. मेन बंद, मगच हात. याच्या पुढचं काम वायरमनचं. तिथं शिकायची हौस करू नकोस.

आता नळाकडं येऊ. हा मात्र पूर्ण तुझा.

आपल्याकडं तालमीत नव्या पोराला पहिल्या दिवशी डाव शिकवत नाहीत. हौद्यातली माती उकरायला लावतात. घरदुरुस्तीतलं माती उकरणं म्हणजे बंद करायच्या जागा शोधणं. पाण्याचा व्हॉल्व्ह कुठं आहे, विजेचा मेन कुठं आहे, गॅसचा रेग्युलेटर कसा निघतो. या तिन्ही ठिकाणी अंधारातही तुझा हात जायला हवा. या रविवारी नळ खोलू नकोस, फक्त व्हॉल्व्ह शोध. मोरीत नसेल तर माडीच्या जिन्यात बघ, तिथं नसेल तर गच्चीवर टाकीच्या बुडाशी. सापडला की एकदा बंद करून, नळ उघडून पाणी खरंच थांबतं का बघ. वर्षानुवर्षं न फिरवलेले व्हॉल्व्ह जाम होतात. तो जाम आहे हे आज कळलेलं बरं.

हे मी इतकं ठासून का सांगते ते ऐक. मी पंचविशीत शाहूपुरीत अशाच एका माडीवर एकटी राहत होते. मोरीतला नळ घट्ट झाला होता, एका सकाळी जोर लावून फिरवला तर आख्खा नळ भिंतीतनं निघून हातात आला. आतला लोखंडी पाइप गंजून पापुद्रा झाला होता. टाकी तासाभरापूर्वी भरलेली. व्हॉल्व्ह गच्चीवर, गच्चीला कुलूप, किल्ली मालकांकडं आणि मालक लग्नाला गेलेले. टॉवेलाचा बोळा करून पाइपाच्या तोंडावर दाबून मी पाऊण तास बसले होते. टाकी रिकामी झाली तेव्हा खाली त्यांच्या स्वयंपाकघरात वर्षाच्या गव्हाची पोती भिजली होती. नुसतं चाळून-वाळवून भागण्यासारखं नव्हतं. पुढचे चार पगार मी त्या गव्हाचे पैसे फेडत होते. मालक एका शब्दानं बोलले नाहीत, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून नव्या घरात पाऊल टाकलं की देव्हारा कुठं मांडायचा याच्या आधी मी व्हॉल्व्ह शोधते.

तर व्हॉल्व्ह सापडला. पुढच्या रविवारी सकाळी, दुकानं उघडी असताना, काम काढ. रात्री काढलंस आणि काही अडलं तर सोमवारपर्यंत पाणी नाही.

आधी नळ ओळख. तुझा नळ बंद करायला तीन-चार वेढे फिरवावा लागतो का? मग तो जुन्या पद्धतीचा, आत रबरी वायसर, म्हणजे तू मागितलेला वॉशर, असलेला. पाव फिरवला की बंद होतो? मग तो नवा, आत चिनी मातीच्या चकत्या असतात. त्यात वायसर बदलत नाहीत, आतला आख्खा स्पिंडल, म्हणजे मुठीखालचा फिरणारा दांडा, बदलतात. दुकानदारानं "कुठला?" विचारलं ते यासाठीच, तुला हिणवायला नव्हे. जुन्या घराची मोरी म्हणजे तुझा नळ बहुतेक पहिल्या प्रकारचा, अर्ध्या इंचाचा.

व्हॉल्व्ह बंद कर, खालच्या काकूंना सांगून, कारण त्यांचंही पाणी जाईल. नळ उघडून पाइपातलं पाणी जाऊ दे. मोरीच्या जाळीवर जुनं फडकं टाक. हे विसरू नकोस, कारण बारका स्क्रू हमखास तिथंच पडतो. नळाच्या डोक्यावरची टोपी नखानं किंवा चपट्या स्क्रूड्रायव्हरनं उचल, खाली स्क्रू दिसेल, तो काढ, मूठ वर उचलून घे. आता समोर पितळी षट्कोनी नट आहे. त्याला स्क्रू पाना लाव, घड्याळाच्या उलट फिरव. आणि इथं डावा हात रिकामा ठेवू नकोस. नळाचं अंग त्या हातानं घट्ट धर, शक्य तर त्याला फडकं गुंडाळून दुसरा पाना लाव. सगळा जोर नटावर गेला पाहिजे, भिंतीतल्या पाइपावर नाही. माझ्या गव्हाची गोष्ट इथंच घडते. नट हलत नसेल, पाइप गंजका दिसत असेल किंवा नळच भिंतीत डुलत असेल तर थांब. तिथं थांबण्यात काहीही कमीपणा नाही.

नट सुटला की आतनं स्पिंडल निघेल आणि त्याच्या खालच्या टोकाला काळा रबरी वायसर दिसेल. हातात घेऊन उजेडात बघ. त्याच्यावर गोल खोबण पडली असेल, जणू कुणी वाटीच्या काठानं दाबलाय. "ठिबकतोय, आवळा अजून" म्हणून आवळल्याचा तो वळ. जितका आवळशील तितका रबर चिरडतो आणि तितका नळ जास्त गळतो.

आता टॉर्च घे आणि नळाच्या पोटात बघ. जिथं वायसर बसतो ती गोल पितळी कड म्हणजे बैठक. बोट फिरवून पाहा. गुळगुळीत लागली तर उत्तम. खरखरीत लागली, खाच पडलेली असली, तर त्या प्लंबरचा वायसर आठवड्यात का गेला ते तुला कळलं. खाचेवर घासून नवा रबरही चिरतो. अशा वेळी वायसरच्या मागं न लागता नळच बदलायचा. नळ बदलताना भिंतीतला पाइप हलतो, म्हणून पहिल्यांदा प्लंबर बोलव आणि जवळ उभी राहून बघ. आट्यांवर पांढरी टेफलॉन टेप तो कुठल्या बाजूनं गुंडाळतो, किती वेढे घेतो, तेवढं नीट लक्षात ठेव. टेप आट्यांच्या दिशेनंच जावी लागते, उलटी गुंडाळली तर नळ बसवताना सुटून गोळा होते.

बैठक चांगली असेल तर जुना वायसर कागदात गुंडाळ आणि चालत लक्ष्मीपुरीतल्या हार्डवेअरच्या दुकानात जा. काउंटरवर ठेव आणि एवढंच म्हण, "असाच द्या, चांगल्यातला. दोन द्या." नाव माहीत असायची गरज नाही, नमुना हातात असला की झालं. मी आजही असंच करते. किंमत चहापेक्षा फार नसते. दुसरा वायसर घरी डबीत ठेव. परत आल्यावर उलट्या क्रमानं सगळं जोड, व्हॉल्व्ह हळूहळू उघड. एकदम उघडलास तर पाइपातला गंज सुटून नव्या वायसरखाली येऊन बसेल. आणि इथून पुढं नळ दोन बोटांनीच बंद कर.

त्या रात्रीही बादली लाव. सकाळी कोरडी बादली बघताना काय वाटतं ते मी इथं लिहीत नाही, तुझं तुला कळू दे.

हत्यारं फार घेऊ नकोस. स्क्रू पाना, पकड, टेस्टर, चपटा आणि स्टार असे दोन स्क्रूड्रायव्हर, हातोडी, मोजपट्टी, टॉर्च, टेफलॉन टेप, थोडा पॉलिश पेपर आणि एम-सील. पाना आणि पकड चांगल्या घे, स्वस्तातल्या पान्याचा जबडा घसरतो आणि नटाचे कोन मोडतात. डब्यांचे मोठे संच ऑनलाइन दिसतात, त्यातली निम्मी हत्यारं कधी बाहेर येत नाहीत.

गॅसचं थोडक्यात. नळीवर तारीख छापलेली असते, ५ वर्षांनी ती बदलायची. गळतीची शंका आली तर साबणाचा फेस लावून बघायचं, काडी ओढायची नाही. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, जमिनीलगत साचतो, म्हणून दार-खिडकी उघडायची, बटणांना हात लावायचा नाही, रेग्युलेटर बंद करायचा आणि बाहेर जाऊन १९०६ ला फोन करायचा.

आता ती भिंत. इथं मला तुला थांबवायचं आहे, कारण तू काय करशील याचा मला अंदाज आहे. बाजारात चिकटवायचे वॉलपेपर मिळतात, विटांची नक्षी, फुलांची नक्षी, दोन तासांत भिंत झाकून टाकतात. ओल्या भिंतीवर ते लावू नकोस. ऑइल पेंटही नको. मंगळवार पेठेतल्या जुन्या माड्यांच्या भिंती पुष्कळदा विटा-मातीच्या आणि चुन्याच्या गिलाव्याच्या असतात. चुना ओल शोषतो आणि ऊन पडलं की सोडतो. त्याच्यावर प्लास्टिक चिकटवलंस, नाहीतर सिमेंटचा जाड थर दिलास, की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आत साठते, बाजूनं चढते, आणि तुझ्या फुलांच्या नक्षीमागं बुरशीची बाग तयार होते. तू मात्र त्याच भिंतीशेजारी श्वास घेत झोपलेली असतेस.

ओल कुठून येते ते आधी शोध. एक जाड प्लास्टिकचा तुकडा, वहीच्या पानाएवढा, भिंतीवर कोरड्यातल्या कोरड्या जागी ठेवून चारही बाजूंनी टेपनं बंद कर. एक दिवस-रात्र जाऊ दे. पाणी प्लास्टिकच्या तुझ्या बाजूला जमलं तर ती खोलीतल्या दमट हवेची ओल. खिडकी बंद ठेवून आत कपडे वाळवल्यानं, स्वयंपाकाच्या वाफेनं येते ती. भिंतीकडच्या बाजूला जमलं तर भिंतच पाणी पिते आहे.

तुझ्या बाबतीत हे दुसरं कारण असावं असं मला वाटतं. तुझी ही भिंत पश्चिमेची असेल तर खात्रीच धर. आपल्याकडं पाऊस गगनबावड्याच्या बाजूनं येतो आणि झोडपतो तो त्याच अंगाला. अशा वेळी रस्त्यावर उतर, धो-धो पाऊस असताना छत्री घेऊन, आणि घराची ती बाजू वर मान करून बघ. हे काम पाऊस उघडल्यावर होत नाही, तेव्हा सगळं सारखंच कोरडं दिसतं. कितीतरी घरांत दोष भिंतीत नसतोच. पन्हळीचा एक सांधा निसटलेला असतो, पानं अडकून पन्हळ तुंबलेली असते, नाहीतर वरनं येणारा पाइप मधेच फुटलेला असतो आणि पाणी चार महिने एकाच जागी भिंतीवर आपटत असतं. मोबाइलवर त्याचा व्हिडिओ काढ. काकूंना "भिंत ओली आहे" सांगणं वेगळं आणि "हे बघा, इथनं पाणी येतंय" म्हणून दाखवणं वेगळं. पहिल्यावर माणूस 'बघू' म्हणतो. दुसऱ्यावर पन्हळ बघायला माणूस बोलावतो.

तोवर आतून करण्यासारखं एवढंच. पलंग-कपाट भिंतीपासून वीतभर लांब, मागं हवा खेळली पाहिजे. ओले कपडे जिन्यात किंवा गॅलरीत. पाऊस थांबेल तेवढा वेळ खिडकी सताड उघडी. काळे डाग कोरड्या ब्रशनं कधी घासू नकोस, बुरशी उडून छातीत जाते. बोर्डाच्या आसपासचे डाग वायरमन येऊन जाईपर्यंत तसेच राहू देत. बाकीच्यांसाठी नाका-तोंडाला फडकं बांध, हातमोजे घाल, ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्यात फडकं पिळून पुसून घे आणि ते फडकं टाकून दे. आणि ब्लीचिंगमध्ये फरशीचं ॲसिड किंवा संडास धुवायचं औषध कदापि मिसळू नकोस, त्यातून विषारी क्लोरीन वायू सुटतो. छोट्या मोरीत तो फार लवकर चढतो.

रंगाचं दिवाळीच्या सुमाराला बघ. नवरात्राआधी घरोघरी साफसफाई निघते, तेव्हा तुलाही हात शिवशिवतील, पण तेव्हा भिंत वरवर सुकलेली असते, पोटात ओल असते. ऑक्टोबरचं ऊन तिला पुरतं खाऊ दे. मग सुटे पोपडे खरवडून, पॉलिश पेपर मारून, धूळ ओल्या फडक्यानं टिपून, पूर्ण वाळल्यावर रंग. चुन्याची भिंत असेल तर चुनाच दे, त्यात चिमूटभर नीळ घालून. आपल्या आज्या द्यायच्या तसा. कमी खर्चात होतो आणि त्या भिंतीला मानवतो. फक्त कालवताना डोळे जप, चुना डोळ्यात गेला तर इजा करतो. दुसरा रंग देणार असशील तर मोजून आण. तुझी एक लांब भिंत १२ फूट, उंची ९ धरली तर १०८ चौरस फूट. एका लिटरमध्ये किती होतं ते डब्यावर छापलेलं असतं, त्याला दोन हातांचा हिशेब लाव. हिशेब तुझ्या रोजच्या कामाचा, त्यात तुला कुणी फसवणार नाही.

कारागिराचं बोलू. तुला अवघडल्यासारखं झालं हे चुकीचं नाही, ते मनातलं दाबू नकोस. दिवसा बोलव, काकू घरी असताना बोलव, दार पूर्ण उघडं ठेव, शक्य तर मैत्रिणीला बसवून घे, आणि काम सुरू व्हायच्या आधी "किती घेणार?" विचार. यात कुणाचा अपमान नाही. पण आणखी एक कर. लांब उभी राहू नकोस. "मेस्त्री, हे काय करताय? मला बघायचंय," असं सरळ म्हण. या गावात मेस्त्री हा मानाचा शब्द आहे. उद्यमनगरात लेथवर बसून नुसत्या नमुन्यावरून सुटा भाग कातून देणारी माणसं याच शब्दानं ओळखली जातात. हातातलं काम कुणी मनापासून बघतंय म्हटलं की बहुतेक कारागीर खुलतात, नाव सांगतात, 'हे असं नको, असं धर' म्हणतात. मोबाइलवरचे व्हिडिओ बघच, पण त्यातला नळ आपल्याकडचा आहे का ते बघून घे. ज्याला तुझ्या बघण्याचा राग येतो, त्याला पुन्हा बोलवू नकोस. एक चांगला प्लंबर आणि एक चांगली वायरमनची ओळख एवढं मिळवलंस तरी एकटीनं राहणं निम्मं सोपं होतं.

काकूंशी हिशेबही स्पष्ट ठेव. वायसर, बल्ब, कडी-कोयंडा तुझं. वायरिंग, पन्हळ, भिंत, पाइप त्यांचं. जे तू करून घेशील आणि भाड्यातून वळतं करायचं ठरेल, ते व्हॉट्सॲपवर दोन ओळींत लिहून, त्यांचा 'होय' आल्यावरच. डिपॉझिट परत घ्यायच्या दिवशी त्या दोन ओळी उपयोगाला येतात. भिंतीत भोक पाडायच्या आधीही विचार. आणि पाडलंसच, तर बोर्डाच्या सरळ वर किंवा सरळ खाली कधी नको, भिंतीत गाडलेल्या वायरी बहुतेक तिथूनच उभ्या जातात.

आता मला ज्याची सगळ्यात हौस आहे ते. तुझी १० बाय १२. चौकटीच्या वहीवर एक चौकट म्हणजे एक फूट धरून खोली काढ. दार कुठं उघडतं, खिडकी कुठं, सगळं. पलंग, कपाट, टेबल कागदाचे कापून त्यावर सरकवून बघ. खऱ्या पलंगाला ओढण्याआधी तुला कळेल की तो खिडकीच्या बाजूला आडवा टाकला तर दारापासून खिडकीपर्यंत मोकळी वाट राहते आणि खोली मोठी भासते.

जुनं घर आहे म्हणजे भिंतीत कोनाडे असतील. लोक त्यांत जुनी वर्तमानपत्रं कोंबतात. रिकामे कर, आतून फिक्का पिवळा हात मार, एकात पुस्तकं, एकात देव, एकात आरसा. एकही खिळा न ठोकता तुला तीन फडताळं मिळाली. फडताळ म्हणून कोनाडा वापरला की भिंतीची जाडी तुझ्या उपयोगाला येते आणि जमीन मोकळी राहते. खोलीत पांढराफेक बल्ब असेल तर टेबलाशी पिवळसर उजेडाचा, ३००० केल्व्हिनच्या आसपासचा एलईडी लाव. वेष्टनावर आकडा असतो. पांढऱ्याखाली हिशेब कर, पिवळ्याखाली जेव. दोन बल्बांत एका खोलीच्या दोन खोल्या होतात. पडदा खिडकीच्या वर न लावता छताच्या जवळून सोड, खिडकी उंच दिसते. कापड इचलकरंजीचं सुती घे, किंवा आईची जुनी साडी माग. रुंदी खिडकीच्या दीडपट तरी हवी, नाहीतर पडदा चादरीसारखा ताणलेला दिसतो. पलंगाखाली पत्र्याची ट्रंक, विटांवर ठेवून, खाली वारा खेळेल अशी. आणि पलंगावर, तुझ्या घरी असेलच, आजीच्या हातची वाकळ.

वाकळ मागायला फोन करशील तेव्हा आईला दिवाळीनंतर चार दिवस राहायला बोलव. पैशाची गोष्ट फोनवर मांडू नकोस. खर्चाचा कागद लिहून भिंतीला लाव: वायसर, बल्ब, चुना, नीळ, पडद्याच्या कड्या. ती आली की स्वतःच वाचेल आणि बेरीज करेल. चहा पाजून झाला की तिला मोरीत हातपाय धुवायला ने, नळ तिलाच सोडू दे. आणि बंद करताना ती सवयीनं जोर लावेल, तेव्हा तिचा हात धरून सांग, "आई, दोनच बोटांनी."